पदवी आणि मूल यांतील अंतर : देवळा तालुक्याच्या विशेष संदर्भात

शिक्षणशास्त्राच्या ज्या शाखेत अंधत्व, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता अशा कारणांनी नेहमीच्या वर्गात मागे राहणाऱ्या मुलांना कसे शिकवावे याचा विचार केला जातो तिला विशेष शिक्षण असे म्हणतात, आणि या शाखेत डी.एड., बी.एड. व एम.एड. अशा तीन पायऱ्या असून उमेदवार त्या जसजशा चढत जातो तसतसा तो मुलापासून दूर जातो, हे निरीक्षण देवळा तालुक्यापुरते तरी निःशंकपणे मांडता येते. डी.एड. झालेला शिक्षक मुलाशेजारी सतरंजीवर बसतो व त्याचा हात धरून त्याच्याकडून सदऱ्याची बटणे लावून घेतो; बी.एड. करणारा फळ्याजवळ उभा राहून त्याच बटणांचा पाठ घेतो, एम.एड. करणारा वर्गाच्या मागील बाजूस खुर्ची टाकून बी.एड. करणाऱ्याच्या पाठाचे निरीक्षण छापील तक्त्यात नोंदवतो. आणि तो तक्ता तपासणारे प्राध्यापक बहुधा मुंबईत असतात. यापुढील पायरी पीएच.डी.ची असून तिच्यात मूल परिशिष्टात भेटते. बटणे लावणे मूल पुष्कळदा यांपैकी कोणाकडूनच न शिकता थोरल्या बहिणीकडून शिकते, परंतु तिच्यासाठी तक्त्यात रकाना नसल्याने तिचा विचार येथे कर्तव्य नाही.

देवळा हा नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील, पूर्वीच्या कळवण तालुक्यातून वेगळा निघालेला लहान तालुका असून तेथे कांदा, डाळिंब आणि शिक्षक यांचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होते. यांपैकी कांद्याचा भाव देवळ्याच्या व उमराण्याच्या बाजारात लिलावाच्या दिवशी सर्वांसमक्ष पुकारला जातो व तो पडल्यास निदान रस्ता अडवून धरता येतो. शिक्षकांचा भाव मात्र पवित्र पोर्टल या नावाच्या शासकीय भरतीप्रणालीत ठरत असल्याने तेथे अडवण्यासारखे काहीच नसते. राज्यात डी.एड. व बी.एड.ची महाविद्यालये ज्या वेगाने निघाली त्या वेगाने शिक्षकांच्या जागा निघाल्या नाहीत, हे सर्वज्ञात आहे. अशा स्थितीत ज्याच्या घरी एक डी.एड. झालेला थोरला भाऊ आधीच कांद्याच्या चाळीवर बसून शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करीत आहे, तो धाकटा भाऊ विशेष शिक्षणाकडे वळतो. त्यामागे करुणा असतेच, परंतु ‘तिकडे गर्दी कमी आहे’ हे वाक्यही असते, आणि प्रवेश अर्जातील ‘हा अभ्यासक्रम का निवडला’ या रकान्यात यांपैकी पहिलेच कारण लिहिले जाते.

उमेदवाराचे कुटुंब या निर्णयाकडे कसे पाहते याचेही वर्णन करणे आवश्यक आहे. वडिलांचा पहिला प्रश्न ‘सरकारी आहे का?’ हा असून तो अभ्यासक्रमाविषयी आहे, महाविद्यालयाविषयी आहे की पुढील नोकरीविषयी, हे स्पष्ट होत नाही. उत्तर मात्र तिन्ही बाबतींत अर्धवट ‘हो’ असे देता येते. आईला आपला मुलगा लहान मुलांना शिकवणार एवढे पुरते. विवाह जुळवण्याच्या प्रसंगी परिचयपत्रात ‘एम.एड. (स्पेशल)’ असे लिहिल्यास पाहुणेमंडळी ती साध्या एम.एड.च्या वरची पदवी समजतात, आणि तो गैरसमज साखरपुडा होईपर्यंत दूर करू नये असा कौटुंबिक संकेत आहे. पारावरील वडीलधारी मंडळी अहिराणीत ‘काय रे भो, आजून शिकीच ऱ्हायना का?’ असे विचारतात. दहावी, बारावी, बी.ए., बी.एड. विशेष व त्यानंतर आणखी दोन वर्षे असा हिशेब मांडल्यास हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरतो.

सर्वसाधारण शिक्षणशास्त्राहून या शाखेचे वेगळेपण असे की तिच्यावर भारतीय पुनर्वास परिषदेचे नियंत्रण असते. ही परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली आणि १९९२ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा मिळाला. तिच्याकडे एक केंद्रीय पुनर्वास नोंदवही असून मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास त्या वहीतील क्रमांक मिळतो, आणि या क्रमांकावाचून दिव्यांग व्यक्तींना व्यावसायिक सेवा देणाऱ्यास एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. थोरल्या बहिणीच्या सुदैवाने तिचे काम व्यावसायिक नसल्यामुळे ती या कलमातून सुटते. या संदर्भात इतिहासाची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील शाळा एका मुलीच्या आईवडिलांनी तिच्यासाठी सुरू केली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये कामायनी उभी केली. आणि नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनीची शाळा काढली. त्या काळी परिषद नव्हती, नोंदवही नव्हती व क्रमांकही नव्हता, त्यामुळे या मंडळींना मुलांपाशी थेट जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजचा उमेदवार याच संस्थांना ‘शैक्षणिक भेट’ देतो, तिचा अहवाल लिहितो, अहवालाला छायाचित्रे चिकटवतो, आणि छायाचित्रांत तो स्वतः, त्याचे सहाध्यायी व शाळेची पाटी एवढेच ठळक दिसते.

प्रशिक्षणाविषयीच्या नियमांत आणखी एक तर्कशुद्धता आढळते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१० च्या अधिसूचनेप्रमाणे, विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या व्यक्तीस प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून नेमल्यास तिला सामान्य मुलांना शिकवण्यासाठी सहा महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. म्हणजे ज्याने न बोलणाऱ्या मुलास पाणी मागण्यास शिकवले, त्याला अखंड बोलणाऱ्या चाळीस मुलांना गप्प कसे बसवावे हे मुळापासून शिकावे लागते, आणि देवळ्यातील कोणत्याही मुख्याध्यापकाच्या मते या कामास सहा महिने अपुरे आहेत. याउलट सामान्य शिक्षकाला विशेष गरजा असलेल्या मुलाविषयी जे सांगायचे असते ते गट साधन केंद्रातील काही दिवसांच्या प्रशिक्षणात, दुपारच्या जेवणाच्या आधी, सांगून संपवले जाते.

पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून महाराष्ट्रात त्याची जुनी व नावाजलेली ठिकाणे प्रामुख्याने मुंबईत आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग, चेंबूरचे हशू अडवाणी महाविद्यालय आणि वांद्र्याची १९८३ मध्ये स्थापन झालेली, श्रवणदोषाच्या क्षेत्रातील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही त्यांतील परिचित नावे होत. देवळ्याचा उमेदवार तेथे पोहोचण्यासाठी एस.टी.ने भावडबारी ओलांडतो, पिंपळगाव व ओझर मागे टाकून नाशिकरोड गाठतो, तेथून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला येतो आणि मग चेंबूरसाठी कुर्ल्याला गाडी बदलतो. या प्रवासातच त्याला अभ्यासक्रमातील एका संकल्पनेचा परिचय घडतो. कोणतेही नवे कौशल्य शिकवताना मुलाला जे साहाय्य दिले जाते त्यास प्रॉम्प्ट म्हणतात व त्याचे शारीरिक, शाब्दिक आणि हावभावयुक्त असे प्रकार असून शिक्षकाने ते हळूहळू कमी करत न्यावयाचे असतात. दादर स्थानकावर सकाळच्या गर्दीत उमेदवारास लोकलमध्ये चढण्याचे कौशल्य संपूर्ण शारीरिक साहाय्याने, म्हणजे मागील पाच-सहा जणांच्या रेट्याने, आत्मसात होते; डब्यात शिरल्यावर शाब्दिक साहाय्य मिळते, त्याचा मजकूर येथे देता येत नाही; आणि आठवड्याभरात केवळ हावभाव पुरेसे होतात. पाठ्यपुस्तकातील श्रेणी इतक्या शुद्ध स्वरूपात अन्यत्र क्वचितच अनुभवास येते.

वर्गात त्याची गाठ मद्रासमध्ये तयार झालेल्या एका प्रसिद्ध मूल्यमापन सूचीशी पडते. मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धती या नावाच्या या सूचीत स्थूल हालचाली, सूक्ष्म हालचाली, जेवण, कपडे, भाषा, वेळ, पैसा, घरकाम, समाजाभिमुखता, मनोरंजन अशी १८ क्षेत्रे असून प्रत्येकात २० बाबी, म्हणजे एकूण ३६० बाबी आहेत, आणि मुलाला प्रत्येक बाब जमते किंवा नाही याची नोंद करून त्यापुढचे उद्दिष्ट ठरवायचे असते. सूचीची रचना सुज्ञ आहे, कारण तिच्यातील प्रत्येक विधान मुलाला काय येते याविषयी आहे. काय येत नाही याची यादी करण्यास समाज समर्थ आहेच. अडचण एवढीच होते की ही सूची हाती आली की उमेदवार ती प्रथम स्वतःला लावून पाहतो. वसतिगृहात राहणारा तेवीस वर्षांचा तरुण घरकाम या क्षेत्रात निराशाजनक कामगिरी करतो, पैशाच्या क्षेत्रात महिन्याच्या वीस तारखेनंतर त्याची घसरण होते, वेळ या क्षेत्राबाबत विभागप्रमुखांचे मत प्रतिकूल असते, आणि समाजाभिमुखतेत, म्हणजे पत्ता विचारणे, रस्ता ओलांडणे, योग्य बसमध्ये बसणे यांत, देवळ्यात पूर्ण गुण मिळवणारा माणूस कुर्ल्यात शून्यावर येतो. कौशल्य माणसात असते की ठिकाणात, हा या शास्त्रातील मूलभूत प्रश्न त्याला येथे सुचतो. परंतु तो परीक्षेत विचारला जात नसल्याने पुढे राहून जातो.

या शाखेचा खरा पाया कार्यविश्लेषण हा आहे. एखादे काम लहान लहान, क्रमबद्ध व निरीक्षण करता येण्याजोग्या पायऱ्यांत फोडणे यास कार्यविश्लेषण म्हणतात, आणि दात घासणे हे त्याचे शास्त्रमान्य उदाहरण आहे. ब्रश उचलणे, पेस्टचे झाकण फिरवणे, पेस्ट लावणे, झाकण परत बसवणे अशा रीतीने पायऱ्या पाडल्या जातात. त्यांची संख्या ठरलेली नसून मुलाच्या गरजेप्रमाणे ती वाढते, आणि गुणांच्या गरजेप्रमाणे आणखी वाढते. एखाद्या वर्गमैत्रिणीने अठरा पायऱ्या केल्या असे कळताच उमेदवार रात्रीत बावीस करतो, व त्यासाठी आरशात पाहून मान किती अंशांत वळली याचाही समावेश करतो. पायऱ्यांची साखळी उलट टोकाकडूनही शिकवता येते. तीत शेवटची पायरी मूल स्वतः करते व आधीच्या सर्व शिक्षक करून देतो, त्यामुळे काम पुरे केल्याचा आनंद मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतो. ही युक्ती अतिशय परिणामकारक असून देवळ्यात ती फार पूर्वीपासून वापरात आहे. तेथे आजोबा बैल जुंपतात, कासरा धरतात, गाडी वावरापर्यंत आणतात आणि शेवटच्या दहा पावलांसाठी कासरा नातवाच्या हाती देतात, आणि त्या दिवशी गाडी नातवानेच आणली असे सर्व कुटुंब एकमताने जाहीर करते. आजोबांनी या पद्धतीस नाव दिले नाही, त्यामुळे संदर्भसूचीत त्यांचा उल्लेख करता येत नाही.

एवढ्या बारीक विश्लेषणाची सवय लागली की ती सुट्टीत घरी आल्यावरही सुटत नाही. चहा कसा करतात हे धाकट्या बहिणीला क्रमाने सांगू लागलेला उमेदवार गॅस पेटवण्याच्या सहाव्या पायरीशी पोहोचेपर्यंत तिने चहा गाळलेला असतो. जेवताना ‘छान! तू स्वतःहून दुसरी भाकरी मागितलीस’ असे वर्णनपर कौतुक तो वडिलांचे करतो. अशा कौतुकाला प्रबलन म्हणतात, म्हणजे जे वर्तन वाढावे असे वाटते त्याच्यामागून लगेच काहीतरी हवेसे देणे. वडिलांच्या बाबतीत मात्र त्यामुळे वर्तन वाढल्याचे आढळत नाही, उलट जेवण संपेपर्यंत ते मुलाकडे संशयाने पाहत राहतात.

मापनाच्या विषयाकडे वळताना महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशा दोन गोष्टींची नोंद करावी लागते. पॅरिसमध्ये १९०५ मध्ये बिने आणि सीमाँ यांनी जी बुद्धिमापन कसोटी तयार केली, तिच्या पुढील अमेरिकी आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये मराठी व कानडी मुलांसाठी कसोटी सिद्ध केली, आणि ती बिने-कामत कसोटी आजही अभ्यासक्रमात आहे. दुसरे म्हणजे, मुलाची सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूप नागपुरात डॉ. ए. जे. मॅलिन यांनी केले. या कसोट्या काळजीपूर्वक बनवल्या आहेत. पण त्या प्रमाण मराठीत बोलतात आणि देवळ्यातील मूल अहिराणीत विचार करते. परीक्षक शुद्ध उच्चारांत ‘हे काय आहे?’ असे विचारतो, तेव्हा मूल प्रथम या पाहुण्याला साध्या गोष्टी कशा माहीत नाहीत याचे आश्चर्य करते, मग शेताच्या चित्राकडे पाहून ‘वावर’ म्हणते, आणि उत्तरपुस्तिकेत वावर नसल्यामुळे पेन्सिल क्षणभर थांबते. देवळ्याचा उमेदवार येथे मोठ्या कामाचा ठरतो, कारण परीक्षक व मूल या दोघांच्याही भाषा त्याला येतात. त्याला या कौशल्याचे गुण मात्र मिळत नाहीत, कारण कसोटीच्या सूचना शब्दशः वाचाव्यात असा नियम आहे आणि तो नियम मोडल्याशिवाय मुलाला त्या समजत नाहीत.

मापनानंतर प्रमाणपत्र येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा २१ प्रकारच्या अक्षमता मानतो, ज्या १९९५ च्या कायद्यात ७ होत्या, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अक्षमता असावी लागते. बौद्धिक अक्षमतेत सौम्य प्रकाराला ५०, मध्यमाला ७५ व तीव्राला ९० टक्के अशी सर्वसाधारण विभागणी असते. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून हे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या बापाला एस.टी.त शेजारी बसलेला गृहस्थ ‘किती टक्के मिळाले?’ असे विचारतो आणि ७५ ऐकून अभिनंदन करतो. बाप ते अभिनंदन स्वीकारतो, कारण पिंपळगावापर्यंत त्याला एवढे सगळे समजावून सांगण्याची इच्छा नसते. यात हसण्यासारखे जे आहे ते टक्क्यांत आहे, मुलात नाही. एकाच सुट्टीत उमेदवार आपले ५८ टक्के घेऊन त्याच गाडीने परतत असेल, तर त्याचे अभिनंदन त्या मानाने कमी उत्साहाने होते.

शास्त्र आणि तालुका यांच्यातील अंतर सर्वांत स्पष्टपणे दिसते ते कांद्याच्या चाळीत. चाळ म्हणजे हवा खेळती राहावी अशा रीतीने बांधलेली, उन्हाळ कांदा काही महिने टिकवण्याची लांबट जागा. विशेष मुलांच्या पूर्वव्यावसायिक प्रशिक्षणात आकाराप्रमाणे वस्तू वेगळ्या करणे हे महत्त्वाचे कौशल्य मानले जाते, आणि त्याचा पाठ घेण्यासाठी उमेदवार मुंबईहून लाल, पिवळे व निळे प्लास्टिकचे मणी, तीन वाट्या आणि एक ट्रे आणतो. या सर्वांस शैक्षणिक साहित्य म्हणतात व त्याला स्वतंत्र गुण असतात. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला बारा वर्षांचा मुलगा, अशा मुलांची देवळ्यात वानवा नाही, ट्रेसमोर बसवला जातो. तो सर्वांत मोठा मणी हातात घेऊन त्याचे निरीक्षण करतो, तोंडात घालून पाहतो, काढतो व उमेदवारास परत देतो. दुसऱ्या प्रयत्नात तो सर्व मणी एकाच वाटीत घालतो, कारण घरी सांडलेली वस्तू एकाच भांड्यात भरण्याची रीत आहे. नोंदवहीत ‘आकारभेद : शाब्दिक साहाय्यानेही साध्य नाही’ असे लिहिले जाते. दुपारी तोच मुलगा आईबरोबर चाळीत बसतो, आणि व्यापाऱ्याला द्यायचा मोठा कांदा, मध्यम, लहान गोल्टी, मोड आलेला आणि सडलेला असे पाच ढीग, गाणे गुणगुणत, एकही कांदा न चुकवता लावतो. सडका कांदा तर त्याला न पाहता वासावरून कळतो, आणि या क्षमतेसाठी ३६० पैकी एकही बाब नाही.

याला शास्त्राकडे उत्तर नाही असे समजू नये. जे कौशल्य जेथे वापरायचे ते तेथेच, तेथील खऱ्या वस्तूंनिशी शिकवावे, हे तत्त्व कार्यात्मक अभ्यासक्रम या नावाने प्रत्येक पुस्तकात असून उमेदवाराने त्यावर दहा गुणांचे टिपणही लिहिलेले असते. परंतु चाळीत पाठ घ्यायचा तर फळा कोठे लावावा, निरीक्षकांची खुर्ची कोठे ठेवावी, आणि साहित्याच्या रकान्यात ‘कांदे, सुमारे चाळीस क्विंटल’ असे लिहिल्यास ते कोणी मान्य करील काय, हे प्रश्न उपस्थित होतात. म्हणून पाठ मण्यांवर होतो आणि टिपण कांद्यांवर.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. त्याचे शीर्षक किमान तीन ओळींचे असून त्यात ‘परिणामकारकतेचा’, ‘चिकित्सक अभ्यास’ व ‘देवळा तालुक्यातील’ हे शब्द अनिवार्य असतात. संशोधनासाठी दोन गट हवेत, एकाला, म्हणजे प्रायोगिक गटाला, नवी पद्धत व दुसऱ्याला, म्हणजे नियंत्रित गटाला, जुनी, आणि प्रत्येकात निदान पंधरा मुले अशी की ज्यांचे वय, बुद्धिगुणांक, भाषा व घरची परिस्थिती जवळजवळ सारखी असावी. येथे दोन वर्षांचे शिक्षण स्वतःवरच उलटते. कोणतीही दोन मुले सारखी नसतात, म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्र वैयक्तिक शिक्षण कार्यक्रम, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून आयईपी म्हणतात, तयार करावा, हे सूत्र उमेदवाराने प्रत्येक उत्तराच्या प्रारंभी लिहिलेले असते. आणि आता त्याला तीस सारखी मुले शोधावी लागतात. एकाच मुलावर दीर्घकाळ केलेला अभ्यास शास्त्राला मान्य आहे व त्याची रीतसर पद्धतही आहे, परंतु मार्गदर्शक ‘तीस तरी दिसू द्या’ असे म्हणतात, आणि येथे ‘दिसू द्या’ हे क्रियापद अचूक आहे. मग लोहोणेरपासून उमराण्यापर्यंत दुचाकीवरून मुले गोळा केली जातात. मार्च महिन्यात नियंत्रित गट कांदा काढायला जातो. एप्रिलमध्ये प्रायोगिक गटातील चार मुले मामाच्या गावी लग्नाला जातात व परत येताना त्यांतील एकाला मामा ठेवून घेतो. शून्य परिकल्पना, म्हणजे दोन गटांत लक्षणीय फरक नाही हे गृहीत, अखेरीस ०.०५ सार्थकता स्तरावर त्यागली जाते. नव्या पद्धतीमुळे प्रगती झाली असे सिद्ध होते. आणि जी मुले सर्वांत अधिक बदलून आली ती मामाकडे राहून आलेली होती ही गोष्ट ‘संशोधनाच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली अर्ध्या ओळीत येते.

मार्गदर्शकांची सही मिळवण्याचा काळ मानसशास्त्रीयदृष्ट्या विशेष उद्बोधक आहे. प्रत्येक योग्य प्रतिसादाला बक्षीस मिळाल्यास ते थांबताच वर्तनही लवकर थांबते, परंतु बक्षीस अनियमितपणे, कधी तिसऱ्या तर कधी अकराव्या प्रयत्नाला मिळाल्यास वर्तन अत्यंत चिवट होते, हे स्किनर यांनी कबुतरांवर दाखवले. प्रकरण तिसरे कधी पहिल्या भेटीत मंजूर होते, कधी पाच फेऱ्यांनंतर फक्त स्वल्पविराम बदलला जातो, आणि त्यामुळे उमेदवार देवळ्याहून मुंबईपर्यंत न थकता येत राहतो. मार्गदर्शक हे जाणूनबुजून करतात असे म्हणण्यास पुरावा नाही. अखेरीस काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत बांधलेल्या चार प्रती तयार होतात, आणि त्यांतील जी घरी येते ती देवघराशेजारी ठेवली जाते.

नोकरीचा विचार शेवटी करणे भाग आहे, कारण उमेदवारानेही तो शेवटीच केलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर २०२१ मध्ये दिलेल्या निकालात प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे व त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले, आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दर केंद्राला एक, म्हणजे परिसरातील शाळांच्या एका गटाला एक, याप्रमाणे ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वीची कित्येक वर्षे हे काम करारावरील शिक्षक करीत आले, ज्यांचा करार ठराविक काळाने संपत असे व ज्यांची मुले मात्र संपत नसत. देवळ्यासारख्या तालुक्यात दहा मुले म्हणजे दहा मुले दहा गावांत. शिक्षक सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या. दुचाकी, पाठीवर साहित्याची पिशवी, आणि शाळेत पोहोचावे तर आज मूल आलेले नाही, म्हणून घरी जावे, तर ते वावरात आहे, म्हणून वावरात जावे. या प्रमाणाचा हिशेब कागदावर एकास दहा व पेट्रोलच्या पावतीवर निराळाच निघतो. तरीही मुलाच्या सर्वांत जवळ पोहोचणारा शासकीय माणूस हाच असून त्याच्यासाठी विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. पुरते.

एम.एड. झालेल्यासाठी या व्यवस्थेत रीतसर जागा आहे ती प्रशिक्षण महाविद्यालयात, अधिव्याख्यात्याची. पदवीचे सार्थक करावयाचे म्हणून देवळ्याचा उमेदवार शहरातील अशा एका महाविद्यालयात रुजू होतो, भाड्याने खोली घेतो, आणि दर वर्षी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना सराव पाठांसाठी जिल्ह्यात पाठवतो. त्यांच्या पाठटिप्पण्या संध्याकाळी त्याच्या टेबलावर येतात. एका वर्षी देवळ्याकडे पाठवलेली एक विद्यार्थिनी ‘आकाराप्रमाणे वर्गीकरण’ या घटकाची टिप्पणी आणते. तिने स्थळाच्या रकान्यात ‘कांदाचाळ’ आणि साहित्याच्या रकान्यात ‘कांदे : मोठे, मध्यम, गोल्टी’ असे लिहिलेले असते. तो ती दोनदा वाचतो, लाल पेन उघडतो आणि समासात लिहितो : ‘साहित्य आकर्षक हवे. रंगीत मणी वापरावेत.’